जुलाब थांबत नाहीत, तरी पाणी का द्यायचे?

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी नळाला आले, की आठवड्याच्या आत ओळखीतल्या एखाद्या घरून तरी कळतेच, "बाळाला काल रात्रीपासून जुलाब होताहेत हो!" मग सल्ल्यांची झड लागते. सासूबाई म्हणतात, "दात येताहेत, त्याचे ढाळ असतील." शेजारच्या काकू सांगतात, "आज दिवसभर दूध तोड, पाणीसुद्धा देऊ नकोस. पोटात गेलं की लगेच बाहेर येतंय, बघ ना!" बाळाचे बाबा केमिस्टकडे जुलाब बंद करणारी गोळी मागायला निघतात. आणि कोणी तरी शहाणे माणूस म्हणते, "त्यापेक्षा सरळ सलाइन लावून आणा, मोकळे व्हाल."

या गडबडीत डब्यात पडलेल्या जलसंजीवनीच्या पाकिटाची आठवण झालीच, तर आई ते पाण्यात कालवते आणि दोन-चार चमचे बाळाला पाजते. अर्ध्या तासात पुन्हा दुपटे बदलावे लागते. झाले! "काही उपयोग नाही याचा, जुलाब थांबतच नाहीत," असे म्हणून उरलेले पाणी मोरीत ओतले जाते.

मैत्रिणींनो, त्या आईचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. पण जुलाब थांबवणे हे तिचे कामच नव्हे. ते काम दुसरेच कोणी तरी करत असते, आणि त्याला काही दिवसांची सवड लागते. ही सवड मिळेपर्यंत बाळाच्या अंगातले पाणी टिकवून धरायचे, एवढ्यासाठी ते पाकीट आहे. हे एकदा नीट उमगले, की मध्यरात्री तिसरे दुपटे बदलतानाही आईचा हात वाटी-चमच्याकडे वळेल. त्यासाठी थोडे आतड्यात डोकवायला हवे. विषय किळसवाणा वाटेल, पण बायकांना त्याची सवय असतेच!

बाहेर पडते ते पाणी कुठले?

आपण दिवसभरात पाणी, चहा, ताक, आमटी असे सारे मिळून साधारण दोन लिटर पातळ पदार्थ पोटात घालतो. पण आतड्यात येते त्याच्या चौपट. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर, हे सगळे मिळून मोठ्या माणसाच्या आतड्यात रोज आठ-नऊ लिटर पाणी उतरते. आणि शौचावाटे बाहेर जाते किती? जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे एखादा लहान पेला. बाकीचे सगळे आतडे पुन्हा शोषून रक्तात परत पाठवते.

म्हणजे रोज आठ-नऊ लिटरचा हा देण्याघेण्याचा व्यवहार बिनबोभाट चाललेला असतो. जुलाबात घेण्याची बाजू लंगडी पडते, किंवा देण्याची बाजू बेसुमार वाढते. बाहेर पडणारे पाणी हे आपण आत्ता पाजलेल्या चमच्यांचे नसते, बाळाच्या रक्तातून आणि पेशींतून आलेले असते. काकूंचा "पाणी तोड" हा सल्ला इथेच फसतो. पाणी तोडले म्हणून जुलाब तुटत नाहीत. पगार बंद करून महिन्याचा खर्च तसाच चालू ठेवावा, तसे ते होते. तान्ह्या बाळाच्या वजनाचा जवळजवळ पाऊण हिस्सा पाण्याचाच असतो आणि शिल्लक मुळात थोडी. ती किती लवकर संपते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको.

मिठाला पाणी सुटते ते आठवा

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की सकाळी पातेल्यात खार सुटलेला असतो. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर ती पाणचट होते. उलट खिरीत टाकलेले मनुके पाणी पिऊन टम्म फुगतात. हे सगळे एकाच नियमाने घडते. पाण्याला जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या एका बाजूला मीठ किंवा साखर जास्त झाली, की पाणी तिकडे धावते. शरीरातही पाण्याला कोणी हाताला धरून नेत नाही. मीठ जिकडे, पाणी तिकडे.

आता आतड्याची भिंत डोळ्यांसमोर आणा. टर्किश टॉवेलावर असतात तसे बारीक बारीक उंचवटे तिच्यावर दाटीने असतात, आणि त्यांच्यावर पेशींचा एकेरी थर असतो. एकीला एक खेटून उभ्या असलेल्या या पेशींचा पुढचा चेहरा आतड्याच्या पोकळीकडे आणि पाठ रक्तवाहिन्यांकडे. पेशीभोवतीचे वेष्टन स्निग्ध, तुपाच्या जातीचे. त्यातून मीठ किंवा साखर आपसूक आत शिरू शकत नाही. त्यांच्यासाठी वेष्टनात प्रथिनांची दारे बसवलेली आहेत, आणि प्रत्येक दाराचे कायदे निराळे.

पाठीमागच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो पेशीतले मिठाचे कण, म्हणजे सोडियम, उचलून रक्ताच्या बाजूला फेकत राहतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा त्याचा हिशेब. डेन्मार्कचे येन्स स्कोउ यांनी १९५७ साली हा पंप शोधून काढला, आणि त्याबद्दलचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते चाळीस वर्षांनी, १९९७ साली. या पंपामुळे पेशीत सोडियमचा कायम तुटवडा असतो. साहजिकच पुढच्या बाजूचे, पोकळीतले सोडियम आत यायला आतुर असते.

पुढच्या बाजूच्या दारांपैकी एक दार मोठे मजेदार आहे. लग्नाच्या आमंत्रणावर 'जोडीने यावे' असे लिहितात ना, तसे हे दार जोडीशिवाय कोणाला आत घेत नाही. एकटे सोडियम आले, परत जा. एकटे ग्लुकोज आले, परत जा. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे एकत्र आले, की दार उघडते आणि तिघांना आत ओढून घेते. मग पंप सोडियमला मागच्या बाजूने रक्ताकडे ढकलतो, साखरही तिकडेच जाते, आणि मीठ-साखर गेली त्या वाटेने पाणी निघते. आपल्या साखरेच्या डब्यातली साखर आतड्यात फुटून तिचे निम्मे ग्लुकोजच होते, म्हणून घरची साखरही चालते.

पटकीच्या जंतूचे विष या पेशींचे काय करते, तेही पाहू. पटकीत आतडे फाटते, सडते, असे पूर्वी मानत. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांवर प्रयोग करून दाखवले, की सगळा अनर्थ जंतूंनी सोडलेल्या एका विषामुळे होतो. हे विष पेशीत शिरते आणि तिथला एक खटका कायमचा दाबून धरते. दाराच्या घंटेचे बटण अडकून बसावे आणि घंटा वाजतच राहावी, तसा हा प्रकार. क्षार बाहेर सोडणारी झडप उघडी ती उघडीच राहते, आणि क्षारांमागे पाणी लोटते. धट्टाकट्टा माणूस काही तासांत सुकून जातो.

पण हे विष सगळी दारे निकामी करत नाही. जोडीचे दार शाबूत राहते! पटकीच्या ऐन भरातही मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली, तर ते त्यांना आत घेते आणि मागोमाग पाणीही घेते. नुसते पाणी पाजले तर ते राहत नाही. नुसते मिठाचे पाणीही फारसे राहत नाही. चमचाभर साखरेने जो फरक पडतो तो चवीसाठी नसतो.

बनगावची छावणी

हे दार सापडले ते असे. १९५३ साली कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी पटकीच्या सौम्य रुग्णांना तोंडाने मीठ आणि ग्लुकोजचे पाणी देऊन बरे केले आणि ते छापूनही आले, पण ते का लागू पडते हे ठाऊक नसल्याने फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रागच्या एका परिषदेत जोडीच्या दाराची कल्पना मांडली. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी पटकीच्या गंभीर रुग्णांवर हा उपाय काटेकोर मोजमापाने करून पाहिला. इतके झाले तरी मोठमोठे डॉक्टर मान हलवत होते. इस्पितळात, नर्सच्या देखरेखीखाली ठीक आहे हो. अडाणी आयाबायांच्या हाती हे कसे सोपवायचे?

या प्रश्नाचे उत्तर १९७१ साली मिळाले. पूर्व पाकिस्तानातल्या यादवीमुळे जवळजवळ एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरच्या बनगाव इथे, पश्चिम बंगालमध्ये, छावण्यांत पटकी पसरली. कोलकात्याच्या संशोधन केंद्रातले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले, तेव्हा इस्पितळाच्या दोन खोल्यांत सोळा खाटा होत्या आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रुग्णांच्या घाणीतच गुडघे टेकून सलाइन लावावे लागत होते. थोड्याच दिवसांत सलाइनचा साठा संपत आला.

मग त्यांनी धाडस केले. कोलकात्याला केंद्राच्या एका खोलीत ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा वजन करून पिशव्या भरल्या. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची तोंडे तापल्या इस्त्रीने चिकटवली. छावणीत मोठमोठ्या पिंपांत हे पाणी कालवून खाली तोट्या बसवल्या, आणि रुग्णांच्या आया, बहिणी, नवरे यांच्या हाती पेले दिले. पाजत राहा, मागेल तितके पाजा. लोकांचा विश्वास सलाइनवर, म्हणून डॉक्टरांनी याला नावही दिले 'तोंडाने घ्यायचे सलाइन'. मला तर हे नाव औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे आजही "सलाइन लावा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारी मंडळी काय कमी आहेत?

त्या छावण्यांत उपचाराअभावी शंभरातले तीसपर्यंत रुग्ण दगावत होते. महालनबीस यांच्याकडे तीन हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात चारच्याही खाली आले. ते आणले नात्यागोत्याच्या माणसांनी, पेल्याने पाणी पाजून. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ यांनी छावणी स्वतः पाहिली आणि पुढे या उपायाचा पाठपुरावा केला. १९७८ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने मीठ आणि साखरेच्या या जोडीच्या शोधाला शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधाचा मान देऊ केला. डॉ. महालनबीस २०२२ साली, ८७ व्या वर्षी गेले. पद्मविभूषण जाहीर झाले ते त्यानंतर, २०२३ साली.

बांगलादेशात १९८० पासून दहा वर्षे ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार हिंडल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत त्यांनी आयांना हे पाणी करायला शिकवले. तिथे साखरेऐवजी गूळ; तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ अर्धा शेर पाण्यात. शिकवणारीचा मेहनताना ठरायचा तो महिन्याभराने त्या आयांना किती आठवते यावर. शिकवणीचा हा हिशेब आपल्या शाळांनीही घ्यायला हरकत नाही!

१९८० च्या सुमारास जगात दर वर्षी पाच वर्षांखालची ४५ लाखांहून अधिक मुले हगवणीने जात. आता हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. शुद्ध पाणी, संडास, लसी यांचाही त्यात वाटा आहे, पण मीठ-साखर-पाण्याचा वाटा फार मोठा. आणि उरलेली साडेचार लाख मुले? त्यातल्या पुष्कळांच्या घरी मीठही असते आणि साखरही.

मग जुलाब थांबवतो कोण?

बाळाचे स्वतःचे शरीर.

लहान मुलांच्या जुलाबाचे एक मोठे कारण म्हणजे रोटाव्हायरस. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला तो मुलांच्या आतड्यात शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो, म्हणून लॅटिनमधल्या चाकाच्या शब्दावरून हे नाव. हा विषाणू टॉवेलाच्या त्या उंचवट्यांच्या टोकावरच्या पेशींमध्ये शिरतो आणि त्या मारतो. पाणी शोषणाऱ्याच पेशी गेल्या, म्हणून जुलाब. पण आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होत असते. खालून नव्या पेशी सरकत वर येतात. तोवर उरलेल्या पेशींमधली जोडीची दारे जमेल तेवढे काम करत राहतात.

दरम्यान फौज गोळा होत असते. आतड्याच्या भिंतीत जागोजाग पहाऱ्याच्या चौक्या आहेत. तिथल्या काही पेशी पोकळीतल्या मालाचे नमुने सतत आत ओढतात आणि मागे बसलेल्या पांढऱ्या पेशींपुढे ठेवतात. शरीरात अशा पांढऱ्या पेशींचे अगणित प्रकार असतात, प्रत्येकीला एकच नमुना ओळखता येतो. भेळेच्या गर्दीत आपले हरवलेले मूल शोधावे तसा हा शोध चालतो. जिला हा जंतू ओळखू येतो, ती सापडली की तिच्या प्रती निघू लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग त्या प्रतिद्रव्ये बनवतात. ही प्रतिद्रव्ये जंतूला चिकटतात आणि त्याला पेशीला धरूच देत नाहीत. या सगळ्याला काही दिवस लागतात. त्याला इलाज नाही. सैन्य उभे राहायला वेळ लागणारच.

इथे एक अडचण येते. प्रतिद्रव्ये तयार होतात ती भिंतीच्या मागे, आणि जंतू असतो पुढे, पोकळीत. मधे पेशींची भिंत. तर त्याच भिंतीतल्या पेशी, ज्या एरवी मीठ-साखर आत घेतात, त्या उलट दिशेचीही वाहतूक करतात. पाठीमागून प्रतिद्रव्य पकडायचे, इवल्याशा पिशवीत घालायचे, पेशीतून आरपार न्यायचे आणि पुढच्या बाजूला सोडायचे. सोडताना पकडणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा त्याच्या अंगावर गुंडाळलेला राहतो, म्हणजे पाचक रसांत ते चटकन विरघळू नये. आपण डबा पाठवताना त्यावर फडके बांधतो, तसेच म्हणा ना.

आईच्या दुधात हीच प्रतिद्रव्ये, याच वेष्टनासह असतात. आईच्या आतड्यात ज्या जंतूंची ओळख पटली, त्यांना ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्या स्तनांकडे प्रवास करतात आणि तिथे बसून प्रतिद्रव्ये दुधात उतरवतात. आई आणि बाळ एकाच घरातले, एकाच पाण्यावरचे, एकाच उंबऱ्यावरचे जंतू दोघांभोवती. म्हणजे त्या घरापुरते नेमके औषध त्या दुधात असते. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पिवळसर चिकाच्या दुधात तर त्याचा साठा सर्वांत दाट, आणि नेमके तेच पिळून टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. जुलाबात अंगावरचे दूध तोडणे म्हणजे ऐन लढाईत रसद तोडणे. सासूबाईंना हे समजावणे कठीण जाते, मला ठाऊक आहे. पण त्यांच्याच नातवासाठी आहे म्हटल्यावर बहुधा त्या ऐकतात!

जुलाब बांधणारी गोळी मात्र या लढाईत शत्रूच्या बाजूची. ती आतड्याची हालचाल मंदावते. जंतू आणि पाणी आतच राहतात, वरवर जुलाब कमी दिसतात आणि पोट फुगते. लहान मुलांना ती देऊच नये. तीच गोष्ट आपल्या मनाने दिलेल्या अँटिबायोटिकची. विषाणूवर ते चालत नाही आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू तेवढे मरतात. शौचातून रक्त पडत असेल तर प्रश्न वेगळा, तिथे डॉक्टर ठरवतील. झिंकच्या गोळ्या मात्र डॉक्टर आणि आरोग्यसेविका आवर्जून देतात. चौदा दिवस रोज एक. सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला दोन महिन्यांपासून पुढे १०. जुलाब थांबले म्हणून पाचव्या दिवशी बंद करू नयेत. अस्तर दुरुस्त व्हायला आणि प्रतिकारशक्तीला त्याची मदत होते.

फौजेला शत्रूचा चेहरा आधीच दाखवून ठेवता आला तर? लस म्हणजे तेच. १९८० नंतरच्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला. त्याने बाळांना आजार होत नव्हता, उलट पुढच्या गंभीर जुलाबापासून त्यांचे रक्षण होत होते. त्यातूनच हैदराबादेत रोटाव्हॅक ही लस तयार झाली. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल हीही त्यातच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती तोंडावाटे देतात, कारण फौज आतड्यातच उभी करायची असते. भारतातल्या चाचणीत पहिल्या वर्षी गंभीर रोटा-जुलाबापासून तिने सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. म्हणजे लस दिली तरी पाकीट घरात हवेच.

चमचा, वाटी आणि लिटर

पाकिटावर वाचून पाणी घ्या, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. लहान पाकीट २०० मिलिलिटरचे असते, मोठे एक लिटरचे. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तर मीठ पाचपट होते, आणि ते बाळाला धोक्याचे आहे. निम्मे पाकीट आता, निम्मे संध्याकाळी, असेही करू नये. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी. उकळून गार केलेले पाणी उत्तम. कालवलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे.

पाकीट नसेल आणि दुकान बंद असेल, तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने सारखा केलेला. चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून नवे करावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र असे अंदाजाचे न देता पाकीटच आणावे आणि अंगावर पाजत राहावे.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००. बाटलीने नको, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणे काम आहे. रात्री दोघांनी पाळ्या वाटून घ्याव्या, बाबांनाही चमचा धरता येतो.

अधिक साखर घातली तर अधिक ताकद, असे मात्र मुळीच नाही. कैरीचा खार आठवा. आतड्यात साखर फार झाली तर ती उलट रक्तातले पाणी पोकळीत ओढते. म्हणून शीतपेये, डब्यातले फळांचे रस, ग्लुकोजचे गोड पाणी जुलाबात देऊ नये. जुने पाकीटही थोडे जास्तच दाट होते असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली त्यातले ग्लुकोज लिटरला साडेतेरा ग्रॅमवर आणले. दुकानात पाकिटाच्या शेजारीच आकर्षक खोक्यांतली गोड पेये 'ओआरएस' नाव मिरवत असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. तरी खरेदी करताना मागच्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे वाचूनच घ्यावे. केमिस्ट म्हणाला "तेच आहे हो ताई," तरीही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण मीठ कमी. ते जोडीला द्यावे, जागी नव्हे. भाताची पेज चिमूटभर मीठ घालून, ताक, वरणाचे पाणी हे सगळे चालते.

पण बाळाचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना आसवे येईनाशी झाली, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोटावरची चिमूट सोडल्यावर कातडी हळूहळू खाली बसू लागली, तर वाटी-चमच्यात वेळ घालवू नका. मूल मलूल होऊन पाणीही पीत नसेल, किंवा शौचात रक्त असेल, तर तिथे शिरेतूनच सलाइन लागते किंवा दुसरे उपचार लागतात. दवाखान्यात जातानाही, पीत असेल तर रिक्षात पाजत जावे.

खाणेही बंद करू नये. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, कुस्करलेले केळे, दही-भात, थोडे थोडे आणि वरचेवर. वर चमचाभर तेल किंवा तूप घालायला हरकत नाही. आणि जुलाब थांबल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे. दोन जुलाबांच्या मधे मुलाचे वजन भरून निघाले नाही, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते मागेच राहते.